आप्पांचं स्थळ

कळवतो म्हणला! मला! अहो मला, निमोण्याच्या हौसराव मध्यस्थाला, त्यो दौंडचा ईश्वर स्वतःच्या घरात बसवून 'कळवतो' म्हणला! हसू नका मंडळी, हसायचं काम न्हाई हे... तुम्हाला 'कळवतो' म्हंजी काय ठावं हाय का? पोरगी बघून झाली, पोहे खाऊन झाले, पोरगी समद्यांच्या पाया पडून आत गेली, आन् चपला घालता घालता नवऱ्या मुलाचा बाप म्हणतो, 'बरं मग, घरी इचार करून कळवतो', तवा समजायचं की ह्या माणसाचा फोन आता येत न्हाई! आन् लोकांना ह्यो शब्द शिकवला कुणी? मी! शिरूर न् दौंड, दोन्ही तालुक्यांत मीच सांगत फिरलो, 'पाहुणं, तोंडावर न्हाई म्हणू नये, समोरच्याचं मन मोडतं, कळवतो म्हणायचं आन् उठायचं.' माझंच औषध माझ्याच घशात ओतलं की हो!

आन् कुणासाठी ऐकून घेतलं मी? पोरीसाठी? न्हाई. भाच्यासाठी? न्हाई. कुत्र्यासाठी!

थांबा, पहिल्यापास्नं सांगतो. आमची हर्षदा हाय ना, माझी थोरली, ती कंपनीत कॉम्प्युटरवर असती आन् सुट्टी असली की शिरूरच्या अलीकडं कुत्र्यांचं शेल्टर हाय, तिथं जाती. फुकट! कुत्र्यांना अंघोळी घालाय! घरी दोन ताटं घासायची म्हणलं तर हिची पाठ दुखती. आन् लग्नाचं नाव काढलं तर... जाऊ द्या, त्यो विषय आज नको, माझं बीपी वाढतं. तर ही एक दिवस म्हणती, "पप्पा, तुम्ही एवढ्या जणांची घरं वसवली, एका कुत्र्याला घर बघा ना. म्हातारं हाय, बारा-तेरा वर्साचं. शेल्टरमधी रातदिस भुंकणं, त्येला स्ट्रेस आलाय. अन्नाला शिवत न्हाई. डॉक्टर म्हणले, हितंच ठेवलं तर पावसाळा काढायचं न्हाई."

कुत्र्याला स्ट्रेस! मी म्हणलं, अगं, तुझ्या आईशी मी एवढी वर्सं संसार केला, मला आला का स्ट्रेस? आतून आवाज आला, "काय म्हणलात?" मी म्हणलं, न्हाई, चाललो बघायला.

गेलो. आत पाय टाकला आन् मंडळी, काय त्यो कालवा! वरातीचा डीजे परवडला. समदी जाळीवर उड्या मारत्यात, एक भुंकलं की दुसरं भुंकतंय, आन् कोपऱ्यात हे एक. तांबूस अंग, तोंड पिठात बुडवल्यागत पांढरं. भिंतीकडं तोंड करून बसलेलं, आन् भर उन्हाळ्यात थरथर थरथर कापतंय. पुढ्यात भात तसाच, माशा बसलेल्या. मी म्हणलं, "काय रं?" त्येनं मान वळवली, माझ्याकडं बघितलं, आन् परत भिंतीकडं. मंडळी, म्या लई माणसं बघितलीत. मांडवातनं वरात परत गेलेली बघितलीत. पण असं पडलेलं तोंड म्या कवा बघितलं नव्हतं. आतडं तुटलं, खोटं कशाला बोलू.

शेल्टरच्या पोरींनी नाव ठेवलं होतं, ब्रूनो. ब्रूनो! वयाचा काय मान हाय का न्हाई? कुत्र्याच्या हिशोबानं त्ये माझ्या बापाच्या वारगीचं! मी म्हणलं, ह्यांना आप्पा म्हणायचं. आन् आप्पा म्हणल्यावर अरे-तुरे तोंडातनं निघतंय व्हय? अहो-जाहोच चालू झालं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा कळवळा आला तर न्यायचं की घरी! न्यायचं कसं? वस्तीवर आमची राखणीची दोन कुत्री, परकं कुत्रं बांधाला दिसलं तरी फाडून काढत्यात. तिथं आप्पा टिकतील व्हय? म्हणून मी हर्षदाला शब्द दिला, पाऊस पडायच्या आत आप्पांना उजवतो. शब्द दिला हो, मध्यस्थाचा शब्द!

मला धंदा एकच येतो. स्थळ त्ये स्थळ, माणसाचं काय न् कुत्र्याचं काय. बायोडाटा केला. नाव, आप्पा. वर्ण, गव्हाळ. स्वभाव, शांत, मितभाषी. निर्व्यसनी! अपेक्षा, काही न्हाई. वय... आता खरं वय सांगून कुणाची सोयरीक झालीय का आजवर? आमच्यात थोडं मागं-पुढं चालतंच. वय टाकलं सात. फोटो काढला एका बाजूनी, पडलेल्या दाताची बाजू पलीकडं ठेवून, आन् दिला सोडून आमच्या स्थळांच्या ग्रुपवर.

पहिलं स्थळ आलं केंदूरचं. सोपानराव! फुलांची शेती, पॉलिहाऊस, दारात दोन गाड्या. राखणीला कुत्रं पाहिजे म्हणले. मी म्हणलं, घरंदाज हाय, घेऊन येतो. आता दाखवायच्या दिवशी थोडी रंगरंगोटी कोण करत न्हाई, सांगा मला! नवरदेव कलप लावत्यात, नवऱ्या दोन तास पार्लरात बसत्यात, मग आप्पांनीच काय घोडं मारलंय? बायकोच्या डबीतलं काजळ घेतलं, तेलात कालवलं आन् आप्पांचं पांढरं तोंड काळं करून टाकलं. असलं तरणंबांड दिसाय लागलं गडी! टेम्पोत माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसवलं आन् काढली वरात.

बैठक झाली. आम्हाला चहा आला, आप्पांपुढं वाटीत दूध ठेवलं. आन् मंडळी, ज्यानं शेल्टरमधी चार-चार दिवस तोंड उघडलं नव्हतं, त्या माणसानं... त्या कुत्र्यानं... तोंड घातलं की हो वाटीत! लपालपा प्यालं! माझं काळीज सुपाएवढं झालं. मी सोपानरावांना म्हणलं, बघा, घर पसंत हाय! आन् तेवढ्यात आप्पांनी मान वर केली. वाटीतलं दूध काळं, आन् आप्पांचं तोंड पांढरंफेक.

सोपानरावांनी वाटीकडं बघितलं. आप्पांकडं बघितलं. मग सावकाश माझ्याकडं बघितलं.

"मामा, वय किती म्हणला होता ह्यांचं?"

"सात... चालू हाय."

"कवापास्नं चालू हाय?"

आप्पा आपले मिशा चाटत बसलेले, निवांत. जराशी शरम? जरा कळ काढायची, दूध काय पळून चाललं होतं? सोपानराव उठले, टेम्पोपर्यंत आले सोडायला, सरळ माणूस हो, आन् दार लावता लावता म्हणले, "बरं मग मामा... कळवतो."

ज्याच्या पोराला मी मुलगी मिळवून दिली! पोरगं दिवसभर मोबाईलमधी डोकं घालून बसायचं, म्या पोरीच्या बापाला सांगितलं, 'अभ्यासू हाय.' त्यो माणूस मला कळवतो म्हणतो!

मग काय, साथच आली. हितनं तितनं समदीकडनं तेच. एका मास्तरांकडं नेलं, त्येंच्या दोन्ही पोरी म्या दिल्या, मास्तर म्हणले, "पत्रिका बघून कळवतो." कुत्र्याची पत्रिका! एक बागायतदार म्हणला, "घरात ईचारून कळवतो." अरे, तुझ्या घरात तुला तरी कोण ईचारतं? आन् दर वेळंला परत शेल्टरला सोडलं की आप्पा भिंतीकडं तोंड करून बसायचे. बरगड्या दिसाय लागल्या होत्या. हर्षदा नुस्तं माझ्याकडं बघायची. त्ये बघणं लई वाईट.

मग म्हणलं, आता हक्काचं माणूस गाठायचं. ईश्वर! दौंडचा! ह्या ईश्वराचं डोकं ऐन लग्नाच्या वयात साफ झालेलं, एक केस औषधाला न्हाई. कोण पोरगी देईना. आईबाप रडकुंडीला आलेले. तवा कोण धावलं? मी! टोपी घातली त्येच्या डोक्यावर, म्हणलं हळद लागेपतुर काढायची न्हाई, आन् पोरीकडं सांगितलं, 'देवाधर्माचं घराणं हाय, उघड्या डोक्यानं बसत न्हाईत.' आन् रुपालीसारखी सोन्यासारखी बायको आणून दिली. आज त्येचं दोन पोरांचं गोकुळ हाय. म्हणलं, हा न्हाई म्हणायचा न्हाई. हा न्हाई म्हणूच शकत न्हाई!

ह्या टायमाला काजळ न्हाई लावलं. वयबी वाढवलं, दहा सांगितलं. जास्तीत जास्त खरं बोललो म्हणा ना! आप्पा छान बसले. पोरं लांबनंच बघत होती. रुपालीनं चहा-बिस्किटं आणून टेबलावर ठेवली. मी म्हणलं, "बघा कसे माणसात बसलेत, आवाज न्हाई, काही न्हाई..." आन् घरामागनं रेल्वे गेली. दौंडात रेल्वे जाणारच की! पण इंजिनानं जो काय भोंगा दिला, मंडळी, आप्पा उडाले त्ये टेबलक्लॉथ घेऊनच दिवाणाखाली! कप गेले, बशा गेल्या, बिस्किटं भिंतीला, आन् दिवाणाखालनं सावकाश पाण्याचा ओघळ निघाला... पाणी म्हणायचं आपलं.

मी म्हणलं, "नवीन जागा हाय, बुजलेत. मुळात लई शांत..."

रुपाली कमरेवर हात ठेवून उभी. "मामा, तुमच्या शब्दावर एकदा टोपी बघून फसले मी. आता दुसऱ्यांदा न्हाई."

मी ईश्वराकडं बघितलं. म्हणलं हा बोलंल, हा आपला हाय. ईश्वर फरशी पुसत होता, मान वर केली न्हाई, त्येच्या टकलावर ट्यूबलाईट चमकत होती, आन् तसाच खाली बघून म्हणला, "मामा... कळवतो."

लागलं हो. तिथंच लागलं मला. आप्पांना दिवाणाखालनं ओढून काढलं, ती कापणारी काया उचलून टेम्पोत घातली आन् निघालो. रस्ताभर त्येंनाच बोलत आलो. "आप्पा, तुम्ही माझी अब्रू घालवली. दोन तालुक्यांत माझं नाव होतं. एक दिवस, एक दिवस नीट बसता येत न्हाई तुम्हाला?" आन् न्हावरे गावाच्या अलीकडं काय झालं, आप्पांनी हनवटी माझ्या मांडीवर ठेवली. नुस्ती ठेवली. आन् कापायचे थांबले.

मी टेम्पो बाजूला घेतला आन् हर्षदाला फोन लावला. म्हणलं, हे होतं तरी कुणाचं? ती म्हणली, "शिरूरमधल्याच एका घरचं, पप्पा. पिल्लू असल्यापास्नं त्येंच्याकडंच होतं. त्येंनी पुण्यात फ्लॅट घेतला. दोन दिवस ठेवा म्हणून सोडून गेले. मी फोन केला तवा म्हणले, मोठी जागा झाली की न्यायला येतो. कळवतो." आन् म्हणली, "त्या भिंतीच्या पलीकडं रस्ता हाय ना पप्पा, गाड्यांचा आवाज येतो. म्हणून तिकडं तोंड करून बसतंय."

कळवतो! मंडळी, मी सोयऱ्या-धायऱ्यांच्या नावानं बोंब मारत होतो, की माझा घात केला, माझा घात केला... आन् घात कशाला म्हणत्यात त्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसलेलं. मला रडू आलं. आलं तर आलं, कोण बघतंय.

पण खरा घात पुढंच हाय! दुसऱ्या दिवशी फोन आला. कुणाचा? रंगुबाईचा! तुम्हाला रंगुबाई ठावी न्हाई. दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला राहती, आन् माझ्याच धंद्यात हाय. पण पद्धत बघा बाईची! तोंडावर खरं सांगून लग्नं जमवती! 'पोरगं काळं हाय, तिरसट हाय, पण दारू पीत न्हाई, पटलं तर बघा.' असा कुठं धंदा करत्यात का? आन् तरी जमत्यात हो! माझी किती स्थळं पळवली तिनं, काय सांगू! तर ती म्हणती, "हौसराव, म्हातारं स्थळ हाय म्हणं तुमच्याकडं? घेऊन या. माझ्या नजरंत एक घर हाय." आता जिच्या दारात जायचं न्हाई असं ठरवलेलं, तिच्या दारात जायचं! पण आभाळ भरून यायचे दिवस जवळ आलेले, आन् आप्पा दिवसाला एक बिस्किटबी खाईनात. गेलो नाक मुठीत धरून.

रंगुबाई ओट्यावर मेथी निवडत बसलेली. मी आप्पांना उतरवलं, ऐटीत उभं केलं, आन् सुरुवात केली, "स्वभावानं शांत, निर्व्यसनी..."

"ठेवा तिथं," ती म्हणली. "आन् त्येच्याकडं बघू नका."

"बघायचं न्हाई तर पसंती कशी व्हायची, बाई?"

"हौसराव, मला उजवायच्या टायमाला लई जण बघून गेले. चालून दाखव, लिहून दाखव, केस सोडून दाखव. आन् दर खेपंला 'कळवतो'. तवा माझं आठ-आठ दिवस अन्न तुटायचं. तुम्ही ह्या म्हाताऱ्याला गावोगाव दाखवीत हिंडताय, आन् वर ईचारताय जेवत का न्हाई?"

म्या आपला मिशीवर हात फिरवला. ती आपली पाठ करून मेथी निवडत बसली. आप्पांकडं ढुंकून न्हाई! हाक न्हाई, चुचकारणं न्हाई. जरा वेळानं मागं न बघता भाकरीचा तुकडा टाकला, आन् परत मेथी. मी आपला आभाळाकडं बघत बसलो. आन् मग हळूच खालनं आवाज आला, भाकरी चावल्याचा. डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघितलं तर आप्पा एक-एक पाऊल टाकत ओट्यावर गेले, एक गिरकी घेतली, रंगुबाईच्या पाठीला पाठ लावली आन् आडवे झाले. कापणं बंद!

"आता सांगा," ती म्हणली. "वय सात का?"

"तेरा," मी म्हणलं.

"दात?"

"फुडचे पडलेत."

"रात्री?"

"रडतात. आन् भोंगा ऐकला की... जागा ओली करतात."

एवढं खरं म्या उभ्या हयातीत एका बैठकीला बोललो नव्हतो. घसा दुखाय लागला माझा! मी म्हणलं, पण बाई, घर कुठलं? स्थळ कुणाचं?

"हेच की. मी एकटीच असती. रात्री मलाबी झोप न्हाई, आन् फुडचे दात माझेबी न्हाईत."

झालं! जमलं! साखरपुडा न्हाई, याद्या न्हाई, जमलं! आन् मंडळी, मी टेम्पो चालू केला. म्हणलं आता पळत येतील. आवाज वळखीचा हाय, रोज पुढच्या सीटवर बसणारा गडी, येईल, निदान चार पावलं येईल, मग मी खाली उतरंन, डोक्यावरनं हात फिरवीन, म्हणीन, 'जावा आप्पा, सुखानं राहा.' असं काय-काय ठरवलं होतं. रेस केला. परत रेस केला. आप्पांनी एक कान हलवला. एक! मान वळवून बघितलं न्हाई! ज्या माणसानं काजळ लावलं, बिस्किटं चारली, ह्यांच्या पायी दोन तालुक्यांत ज्याचं तोंड काळं झालं, त्येच्याकडं एकदा बघायचं न्हाई? इमानी जात म्हणत्यात ह्यांना! मला ठावं हाय हो, त्येंनी न बघावं म्हणूनच तर मी एवढा हिंडलो. समदं ठावं हाय. पण निदान 'कळवतो' तरी म्हणायचं!

घरी आलो तर बायको म्हणती, "लेक सासरी धाडल्यागत तोंड का झालंय?" मी म्हणलं, धूळ गेली डोळ्यात.

मग परवा गेलो तिकडं. सहज! दौंडला वांगी टाकाय चाललो होतो, वाटंवरच हाय... म्हंजी जरा वाकडी वाट हाय. आप्पा अंगानं भरलेत. केस आलेत. ओट्यावरनं उतरले, टेम्पोच्या चाकाचा वास घेतला, तंगडी वर करून चाक भिजवलं आन् गेले परत बाईच्या पायाशी. झाली भेट! आन् रंगुबाई चहा घेऊन आली, आल्याचा, वाफ निघतीय. आता मला आला राग. चहा तर पाहिजे होता, पण आल्याआल्या तिच्या हातचा कप घेतला तर ती जिंकली असं व्हायचं ना! तोंडातनं निघून गेलं, "न्हाई बाई. आमच्यात लेक दिल्या घरी बाप नातवंड होईस्तवर पाणीसुदिक घेत न्हाई."

म्हणलं, आता ही हसंल, म्हणंल कुत्रं दिलंय तुम्ही, लेक न्हाई, प्या गुमान. पण मंडळी, ती बाई हसली न्हाई! मान हलवली आन् म्हणली, "बरोबर हाय. रीत ती रीत. नातवंडाचं तोंड बघा आन् मग प्या." आन् माझ्यासमोर बसून त्यो कप स्वतः प्याली. बशीत वतून, फुरके मारून!

आता शब्द गेला तोंडातनं, त्यो मोडायचा कसा? मध्यस्थ हाय मी! घरी येऊन हर्षदाला म्हणलं, बघ गं, त्या वस्तीवर एखादी चांगल्या घरची कुत्री हाय का, आप्पांचं वय झालंय खरं, पण म्हणत्यात ना, गडी कवा म्हातारा होत न्हाई. तर ती हसून हसून खाली बसली. म्हणली, "पप्पा, शेल्टरमधी आलं की आम्ही पहिलं नसबंदीचं ऑपरेशन करतो! आप्पांचं तर कवाच झालंय."

म्हंजी बघा मंडळी, दर आठवड्याला वाकडी वाट करून जायचं, भर उन्हाचं त्या ओट्यावर बसायचं, आल्याचा वास घ्यायचा, आन् कोरड्या घशानं परत यायचं... त्या घरचा चहा काय आपल्या नशिबात न्हाई!